बॅलेचा पोशाख आणि १९४०–६० मधली युरोपीय फॅशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टुटू (बॅले नर्तकीचा नेटच्या थरांचा पोशाख) शिवायचा कसा, पॅरिसच्या फॅशन डिझायनर दिओरनं आपला घेरदार स्कर्ट बॅलेवरून उचलला का, असे तेच ते प्रश्न सारखे येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टुटू म्हणजे फक्त स्कर्ट की अख्खा ड्रेस?

बोलताना दोन्ही अर्थ चालतात. शिवणाऱ्याच्या हिशेबात मात्र त्याचे तीन भाग असतात: वरची चोळी, कंबर ते नितंब एवढ्या भागावर घट्ट बसणारा पट्टा (याला बास्क म्हणतात) आणि जिच्यावर नेटचे थर शिवतात ती चड्डी. थर कंबरेला लावलेले नसून चड्डीवर असतात, ही गोष्ट बहुतेकांना पहिल्यांदा कळते तेव्हा आश्चर्य वाटतं.

मुख्य प्रकार दोन. रोमँटिक टुटू पोटरीपर्यंत येतो आणि घंटेसारखा खाली पडतो. १२ मार्च १८३२ ला पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फिद’मध्ये मारी तालिओनी नाचली, तेव्हापासून तो रूढ झाला. क्लासिकल टुटू आखूड, जमिनीला समांतर, ताटासारखा. तिसरा प्रकार, पावडर-पफ, १९५० चा आहे. त्यासाठी प्रश्न ८ पाहा.

२. आपल्याकडे रामायणावरच्या नृत्यनाट्यालाही ‘बॅले’ म्हणतात. तेच का हे?

नाही. मुंबईत १९५२ साली शांती बर्धन यांनी लिटल बॅले ट्रूप सुरू केली आणि त्यांचं कळसूत्री बाहुल्यांच्या ढंगातलं ‘रामायण’ गाजलं. तिथे ‘बॅले’ म्हणजे समूहानं सादर केलेली नाचातली गोष्ट. या पानावरचा बॅले पायाच्या अंगठ्यांवर उभा राहणारा, पॅरिस-लंडनचा. टुटूचा संबंध त्याच्याशीच.

३. दिओरनं ‘न्यू लुक’ बॅलेवरून उचलला का?

सरळ उचलला असं म्हणता येत नाही. पण दोघांचं घराणं एकच.

क्रिस्तियाँ दिओरचा पहिला संग्रह १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये ३०, अव्हेन्यू माँतेन इथे दाखवला गेला. त्यातल्या एका धाटणीचं नाव होतं ‘कोरोल’, म्हणजे फुलाचा पाकळ्यांचा घेर. या संग्रहाला ‘न्यू लुक’ हे नाव ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांनी दिलं. घट्ट चोळी, बारीक कंबर आणि पोटरीपर्यंत फुललेला स्कर्ट ही आकृती रोमँटिक टुटूचीही आहे, कारण दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या बायकांच्या पोशाखावरून आलेल्या आहेत. बॅलेनं ती आकृती रंगमंचावर जपून ठेवली होती. दिओरनं ती रस्त्यावर परत आणली.

माणसांचे धागे मात्र खरेच गुंतलेले होते. मार्च १९४५ मध्ये पॅरिसच्या फॅशनघरांनी ‘तेआत्र द ला मोद’ हे प्रदर्शन मांडलं: तारेच्या, सुमारे ७० सें.मी. उंचीच्या बाहुल्यांना त्या हंगामाचे कपडे. कापड नव्हतं, म्हणून बाहुल्या. त्याचं कलादिग्दर्शन क्रिस्तियाँ बेरार यांचं आणि प्रकाशयोजना बोरिस कोख्नो यांची. त्याच महिन्यात नृत्यरचनाकार रोलाँ पेतीच्या ‘ले फोराँ’ या बॅलेची सजावट आणि पोशाखही बेरार यांचेच होते. हे वर्तुळच इतकं लहान होतं की ‘कुणी कुणाचं उचललं’ हा प्रश्न तिथे फारसा टिकत नाही.

४. युद्धानंतर ब्रिटनमध्ये कापडावर रेशनिंग होतं. मग १९४६ चं ‘स्लीपिंग ब्यूटी’ इतकं थाटाचं कसं झालं?

ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग १ जून १९४१ पासून १५ मार्च १९४९ पर्यंत चाललं. सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कूपनं मिळायची आणि एका लोकरी ड्रेसला त्यातली ११ जायची. युद्धाच्या काळात लंडनमधल्या कव्हेंट गार्डनच्या ऑपेरा हाउसचा नाचाचा हॉल झाला होता. ते पुन्हा उघडलं २० फेब्रुवारी १९४६ ला, सॅडलर्स वेल्स बॅलेच्या (आताचा रॉयल बॅले) ‘स्लीपिंग ब्यूटी’नं. नायिका, राजकन्या ऑरोरा, होती मार्गो फॉन्टेन, सजावट आणि पोशाख ऑलिव्हर मेसेल यांचे.

मेसेल यांची हातोटी टाकाऊ वस्तूंतून दागिने करायची. मुकुट आणि शिरोभूषणं म्हणजे तंबाखूचा पाइप साफ करायच्या केसाळ तारा, फ्यूजची तार, सेलोफेन, रंगवलेला कागद. जवळून पाहिलं तर शाळेतल्या हस्तकलेसारखं दिसतं. दहाव्या रांगेतून हिऱ्यासारखं चमकतं. रंगमंचावर वजनाला काहीच किंमत नसते, फक्त उजेड पकडला गेला पाहिजे. उलट खरा दागिना गिरकीत मान ओढतो.

हे चालू असतानाच सरकार बायकांना स्कर्ट आखूड ठेवायला सांगत होतं. दिओरचे लांब स्कर्ट आले तेव्हा व्यापारमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनी उघड नाराजी दाखवली. बाहेर मीटरमीटरचा हिशेब आणि आत राजकन्येच्या वाढदिवसाचा झगमगाट: त्या प्रयोगाच्या यशात या विरोधाचा वाटा मोठा होता.

५. क्लासिकल टुटू शिवतात कसा? कापड किती लागतं?

मोठ्या मुलीच्या मापाला १३७ सें.मी. पन्ह्याची कडक नेट १० ते १२ मीटर. तुलनेला: दिओरच्या १९४७ च्या ‘शेरी’ या ड्रेसच्या एकट्या स्कर्टला सुमारे १२ मीटर तफेता (ताठ, चकचकीत कापड) लागला होता.

थर १० ते १२. सगळ्यात वरचा साधारण ३७ सें.मी. लांब, त्याखालचा प्रत्येक ३ सें.मी.नं कमी, म्हणजे बारावा, मांडीजवळचा, ४ सें.मी.ची झालर. प्रत्येक थराला चार पन्हे जोडून सुमारे साडेपाच मीटरची पट्टी होते आणि ती नितंबाच्या ९० सें.मी. घेरात चुण्या घालून बसवायची. नेटचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कड दुमडायची नाही; दुमडली तर ती जड होऊन लोंबते. कडेला कात्रीनं बारीक टोकं कापली की थर हलके दिसतात.

क्रम असा:

चड्डीवर दीड-दीड सें.मी. अंतरावर आडव्या रेघा आखून घ्या. शिवायला खालून सुरुवात करा, आधी मांडीची झालर आणि मग वर वर. वरून सुरुवात केली तर पुढचा थर शिवताना मशीनच्या पायाखाली आधीच्या सगळ्या नेटचा ढीग येतो.

वरून चौथ्या-पाचव्या थराला सुती पट्टीची नळी लावून त्यात पोलादी पट्टीचं कडं सरकवा.

मग टाचण. थर एकमेकांना हातानं, दीड-दोन सें.मी.चे सैल टाके घालून जोडायचे, कंबरेकडून कडेकडे. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, आणि टुटूचा आकार ठरतो तोही इथेच.

शेवटी नक्षीचा वरचा थर, बास्क आणि चोळी. चोळी बास्कला सगळीकडून न शिवता काही ठिकाणीच टाचली तर धुवायला सुटी करता येते.

काय बिघडतं? कडं मोठं झालं तर ताट पापडासारखं वाकडंतिकडं होतं. लहान झालं तर छत्रीसारखं मिटतं. टाचण घट्ट झालं तर वर खड्डे पडतात. ते राहूनच गेलं तर प्रत्येक उडीत थर वेगवेगळे उसळतात आणि नर्तकी थांबल्यावरही स्कर्ट हलत राहतो. नवशिक्यांचे बहुतेक ‘कडक नेट मिळाली नाही’ हे दुखणं टाचणाचंच असतं.

६. घागऱ्याखाली लावतात ती कॅनकॅन नेट चालेल का?

रोमँटिक टुटूच्या आतल्या थरांना चालेल. क्लासिकलच्या मधल्या थरांनाही चालेल, पण सगळे थर तिचेच केले तर कड टोचते, आणि मांडीला घासून पहिल्याच तालमीत ओरखडे येतात. मांडीजवळच्या तीन-चार झालरी मऊ नेटच्या, मधले थर कडक आणि वरचे दोन पुन्हा मऊ, अशी मिसळ बरी. दुपट्ट्याची मऊ नेट मात्र क्लासिकलला अजिबात नको. वीस थर लावले तरी ती पडणारच.

जुन्या काळी हा प्रश्न आणखी अवघड होता. नायलॉन यायच्या आधी टुटू सुती नेटचे किंवा टार्लटनचे असत. टार्लटन म्हणजे खळ दिलेलं विरळ सुती कापड. घामानं खळ गेली की ते मऊ पडायचं आणि पुन्हा ताठ होत नसे. १९५० च्या दशकात नायलॉन नेट सर्रास मिळू लागली, तसे टुटू हलके झाले, वाफ दिली की पुन्हा उभे राहू लागले, आणि हळूहळू आखूड आणि सपाटही झाले.

७. दिओरच्या गाऊनची चोळी आणि टुटूची चोळी, दोन्हींत हाडं (आकार धरणाऱ्या ताठ पट्ट्या) असतात. मग फरक काय?

दिसायला बहिणी, शिवणीत सवती.

गाऊनच्या आत स्वतंत्र कॉर्सेटच असतो: जाळीचं अस्तर, त्यात हाडं, कंबरेला आतून घट्ट फीत. कापड अंगाला नाही, त्या सांगाड्याला चिकटलेलं असतं. दिओरनं कापडाला परकाल (घट्ट विणीचं सुती कापड) किंवा तफेत्याचं अस्तर लावायची जुनी पद्धतही परत आणली. त्यामुळे ड्रेस जवळजवळ स्वतःच्या पायावर उभा राहतो. ती बाई जिना चढेल, जेवेल, सावकाश नाचेल. कंबरेत मागे वाकायची वेळ तिच्यावर येत नाही.

नर्तकीच्या बरगड्या दर श्वासाला फुलतात आणि तिला मागे वाकायचं असतं. म्हणून तिची चोळी दहा-चौदा तुकड्यांची असते. समोरचे तुकडे उभ्या धाग्यावर आणि बगलेखालचे उरेब, म्हणजे धाग्याला तिरपे, कापलेले. उभा धागा आकार धरतो, उरेब ताणला जातो. हाडं मोजकीच, कापड गोळा होऊ नये एवढ्यापुरती, आणि ती कंबरेच्या हाडाच्या वरच थांबतात.

बाही हा दुसरा फरक. कोटाची बाही चोळीला शिवलेली असते, हात वर केला की अख्खी चोळी वर ओढली जाते. टुटूच्या बाह्या सुट्या असतात, दंडावर इलॅस्टिकनं बसणाऱ्या. प्रेक्षागृहातून हे कळतही नाही.

तिसरी गोष्ट जोडीदाराच्या हातांची. उचलताना त्याचे हात कंबरेवर येतात, म्हणून त्या भागात टिकल्या, मणी, तारकाम काहीही नको. बोटं कापतात, नाहीतर नक्षी उसवून त्याच्या कोटाला अडकते. गाऊनवर नेमकी तिथेच सगळ्यात दाट नक्षी असते.

८. कारिन्स्काचा ‘पावडर-पफ’ टुटू म्हणजे काय?

वार्वारा कारिन्स्का मूळच्या खार्किवच्या. पॅरिस आणि लंडनमध्ये पोशाख शिवून त्या दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर न्यूयॉर्कला गेल्या. चोळीत उरेब तुकडे घालण्याचं श्रेय बरंचसं त्यांना दिलं जातं (प्रश्न ७).

नृत्यरचनाकार बालांशिननं १९४७ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी ‘ल पाले द क्रिस्ताल’ बसवलं तेव्हा पोशाख लेओनोर फिनी यांचे होते, रत्नांच्या रंगांचे. न्यूयॉर्कमध्ये तेच ‘सिंफनी इन सी’ झालं, आणि १९५० मध्ये कारिन्स्कांनी त्याला पांढरे, कडं नसलेले, सहा-सात आखूड थरांचे, सैल टाचलेले टुटू दिले. कडं गेल्यामुळे दोन गोष्टी साधल्या. गर्दीच्या रचनेत शेजारणीचा टुटू धक्का लागून उलटा होत नाही, आणि पायाची रेघ नितंबापासून दिसते. घरी शिवणाऱ्यांना आमचा सल्ला: पहिला टुटू हाच करा.

९. पाठीला चेन का लावत नाहीत?

चेन एकदा अडकली किंवा फाटली की पाठ उघडी. हुकांपैकी एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. शिवाय एकच पोशाख वर्षानुवर्षं वेगवेगळ्या नर्तकी घालतात. मधोमध हूक आणि समोर आय किंवा दोऱ्याच्या कड्यांच्या दोन-तीन उभ्या रांगा असल्या की पाच मिनिटांत माप बदलतं. जुन्या चोळीच्या आत नावांच्या पट्ट्या एकाखाली एक शिवलेल्या सापडतात, त्या यामुळेच.

१०. मोठ्या फॅशन डिझायनरांनी बॅलेसाठी काम केलं का?

केलं, पण कमी. शानेलनं १९२४ मध्ये ‘ल त्रँ ब्ल्यू’साठी विणलेले पोहायचे कपडे दिले, पण ते आपल्या काळाच्या आधीचं. दिओरनं १९४७ मध्ये रोलाँ पेतीच्या ‘त्रेझ दाँस’चे पोशाख केले. इव्ह सँ लोराँ यांनी पेतीबरोबर १९५९ मध्ये ‘सिरानो’ आणि डिसेंबर १९६५ मध्ये पॅरिस ऑपेरात ‘नोत्र-दाम द पारी’ केलं. यातलं शेवटचं आमच्या मते सगळ्यात यशस्वी. त्याच वर्षीच्या त्यांच्या मोंद्रियाँ ड्रेससारखे सपाट रंग आणि काळ्या रेघा त्यांनी वापरल्या, आणि असे रंग लांबून वाचता येतात.

फॅशनवाल्यांची चूक ठरलेली असते: रेखाचित्र उभ्या बाईचं असतं. नर्तकीचा पोशाख आडवा, उलटा आणि हवेतही दिसतो.

११. नर्तकी स्टेजबाहेर काय घालायच्या?

फॉन्टेन दिओरची गिऱ्हाईक होती. तिचे कपडे आता बाथच्या फॅशन म्युझियमच्या संग्रहात आहेत. ऑक्टोबर १९४९ मध्ये सॅडलर्स वेल्स बॅले न्यूयॉर्कला गेला, तेव्हा लंडनच्या डिझायनरांनी नर्तकींना कपडे दिले. ब्रिटिश मालाला डॉलर हवे होते आणि इतक्या डौलात चालणाऱ्या मॉडेल फुकट मिळत होत्या. ‘द रेड शूज’ (१९४८) या सिनेमातही हेच वाटप दिसतं: बॅलेचे पोशाख हाइन हेक्रोथ यांचे, मॉइरा शिअररच्या बाहेरच्या कपड्यांसाठी मात्र पॅरिसचे जाक फात.

१२. ‘बॅलेरिना’ चपटे बूट आणि नाचाचे बूट एकच का?

नाही. नाचाच्या टोकदार बुटाच्या पुढच्या भागात कापड, कागद आणि खळीचे थर वाळवून कडक पेटी केलेली असते, तळाला चामड्याची ताठ पट्टी. मुख्य भूमिकेत एक जोड एका रात्रीत संपू शकतो.

रोझ रेपेतो यांनी मुलगा रोलाँ पेतीच्या सांगण्यावरून १९४७ मध्ये पॅरिस ऑपेराजवळ मऊ नाचाचे बूट करायला सुरुवात केली. बूट उलटा ठेवून तळ शिवायचा आणि मग सुलटा करायचा, ही त्यांची पद्धत. म्हणून शिवण आत जाते आणि पायाला टोचत नाही. १९५६ मध्ये ब्रिजित बार्दोसाठी केलेला ‘साँद्रियाँ’ हा बूट रस्त्यावर आला. बार्दो स्वतः बॅले शिकलेली होती. रस्त्यावरच्या बुटात पेटी नसते, त्यामुळे ते घालून अंगठ्यावर उभं राहायचा प्रयत्न करू नये. लहान मुली करतात.

१३. टुटू धुतात का? ठेवतात कसा?

स्कर्ट धुवत नाहीत. चोळी सुटी होत असेल (प्रश्न ५) तर तिचं सुती अस्तर हातानं. बगलेत घाम शोषणाऱ्या गाद्या टाचायच्या आणि त्याच बदलायच्या. प्रयोगानंतर आतून पाणी घातलेला व्होडका फवारून पंख्याखाली वाळवणं ही जुनी युक्ती आजही चालते. आधी रंग सुटतो का हे आतल्या शिवणीवर तपासा. ठेवताना उलटा टांगा किंवा सपाट एकावर एक रचा. खांद्यांवर टांगला की महिन्याभरात कड झुकते.

१४. पुरुषांच्या पोशाखाबद्दल कुणीच का लिहीत नाही?

कारण तो दिसतो साधा. आखूड कोटाच्या बगलेत चौकोनी तुकडा घातलेला असतो, नाहीतर जोडीदारणीला उचलताना कोट छातीपर्यंत वर जातो. लायक्राचा (ताणला जाणारा कृत्रिम धागा) शोध १९५८ चा. त्याआधीच्या लोकरी, रेशमी किंवा नायलॉनच्या टाइट्स गुडघ्याला फुगत. म्हणून नर्तक कंबरेशी कापडात नाणं गुंडाळून, पीळ देऊन, पट्टा बांधून त्या वर ताणून धरायचे.

१५. जुन्या फोटोवरून टुटूचा काळ ओळखता येतो का?

दशकाचा अंदाज येतो. टुटू लांब, थोडा खाली झुकलेला असेल तर १९४० चं दशक किंवा आधीचं; सपाट आणि आखूड असेल तर साधारण १९५० च्या उत्तरार्धानंतरचा. पण फक्त स्कर्टवर विसंबू नका. केस, भुवया आणि खांदे पाहा. कथा सतराव्या शतकातली असली तरी केशरचना फोटोच्या वर्षाची असते.

अपवाद दोन. रशियन कंपन्यांचं स्वतःचं वळण वेगळं होतं, आणि साधेपणा म्हणजे नंतरचा काळ असं नाही. सोफी फेदोरोविच यांनी १९४६ मध्येच ‘सिंफॉनिक व्हेरिएशन्स’ या बॅलेला इतके मोजके पांढरे पोशाख दिले की फोटो वीस वर्षं पुढचा वाटतो. हातात वस्तू असेल तर नेटचा धागा जाळून पाहू नका. सुती नेट चुरगळल्यावर चुरगळलेलीच राहते, नायलॉन उसळून येते. एवढं पुरतं.

१६. रॉयल बॅले आजही मेसेल यांचं ‘स्लीपिंग ब्यूटी’ करतं. ते पोशाख १९४६ चेच का?

नाही. २००६ मध्ये मेसेल यांच्या आराखड्यांवरून तो प्रयोग नव्यानं उभा केला आणि पीटर फार्मर यांनी त्यात भर घातली. आराखडे जुने असले तरी कापड आणि नेट नवी आहे, आणि टुटूची लांबी आजच्या नजरेची. त्यामुळे १९४६ चा फोटो आणि आताचा व्हिडिओ शेजारी ठेवून ‘मेसेलनी असा टुटू केला होता’ म्हणू नये. आम्हाला येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावी लागणारी चूक हीच आहे.